मुतखडा पुन्हा पुन्हा होतो? गळ्याकडं बघा
(लोहा येथील बैठकीतील भाषण)



मी डॉक्टर नाही, शेतीचा पदवीधर. तरी आज कापसाचा भाव बाजूला ठेवून मुतखड्यावर बोलतो.

बहुतेकांना खडा होतो तो पाणी कमी पडल्यानं. उन्हात राबणाऱ्यानं दिवसाला तीन-चार लिटर पाणी प्यावं, लघवी फिकी राहावी. हे तुम्हाला ठाऊक आहे.

पण पाणी पिऊनही खडा परत आला तर? माझ्या थोरल्या वहिनीला पाच वर्षांत तीनदा झाला. दर वेळी खडा काढला, बिल भरलं, घरी आलो. ती म्हणायची, हाडं दुखतात, थकवा येतो. आम्ही म्हणायचो, रानातलं काम आहे, दुखणारच! चौथ्या वेळी एका डॉक्टरनं रक्तातलं कॅल्शियम तपासलं. साडेदहाच्या आत हवं, ते बारा निघालं. मूळ दोष किडनीत नव्हता, गळ्यात होता.

गळ्यात थायरॉईडच्या मागं तुरीच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. त्यांचं नाव पॅराथायरॉईड. रक्तात कॅल्शियम कमी झालं की हाडातलं काढून पुरवायचं, हे त्यांचं काम. म्हैस व्याल्यावर एकदम बसते, डॉक्टर कॅल्शियमची बाटली लावतो ना? दुधात कॅल्शियम भराभर जातं आणि हा पुरवठा वेळेवर होत नाही. वहिनीचं उलटं होतं. एक ग्रंथी वाढली होती आणि गरज नसताना हाडं पोखरत होती. तेच कॅल्शियम लघवीत उतरून खडा होत होता.

खड्याच्या शंभर रोग्यांत असे तीन ते पाच निघतात. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत हा आजार जास्त. यावर इलाज आहे. 1925 साली व्हिएन्नात फेलिक्स मांडल यांनी हाडांच्या दुखण्यानं खंगलेल्या एका ट्राम कामगाराची अशी ग्रंथी कापून काढली. म्हणजे हे शंभर वर्षांपूर्वीचं ज्ञान आहे.

तेव्हा खडा दुसऱ्यांदा झाला की डॉक्टरला विचारा, रक्तातलं कॅल्शियम तपासलं का? जास्त निघालं तर पुढची तपासणी पीटीएचची. मनानंच दूध बंद करू नका. त्यानं खडा थांबत नाही.

माळेगावच्या यात्रेत बैल घेताना आपण दात मोजतो, खूर बघतो, चालवून पाहतो. घरची बाई हाडं दुखतात म्हणते, तेव्हा तिचं निदान ऐकून तरी घ्या. आम्ही पाच वर्षं ऐकलं नाही. तुम्ही ती चूक करू नका.