मोटारीच्या चालीने



या व्यासपीठावर थोर विषयांची व्याख्याने होतात. त्यांच्या पंक्तीला आज आम्ही एक जुनी मोटार आणून उभी करीत आहोत, त्याबद्दल प्रथमच क्षमा मागतो. विषय कोणता घ्यावा, असे आम्ही चालकांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "ज्यात आपण स्वतः पोळून निघाला आहात, असा घ्या." अशा विषयांत आमच्याकडे हाच पहिला होता.

मोटार म्हणजे आमच्या वडिलांनी १९६८ साली घेतलेली फियाट अकराशे. नाव नोंदवून मोटारीची वर्षानुवर्षे वाट पाहण्याचा तो काळ. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात ही गाडी तयार होई. हिलाच पुढे १९७४ साली पद्मिनी हे नाव मिळाले. इंजिन १०८९ सीसीचे, गिअरचा दांडा स्टीअरिंगखाली, पुढे एकसलग बाक, चारही चाकांना ड्रमचे ब्रेक, आणि दारांना ती त्रिकोणी काच, जी वळवली की वारा नेमका छातीवर येतो. या बाकावर आमची आई डावीकडे बसत आली. वडील गेले, चालवणारे बदलले, आईची जागा बदलली नाही.

२०२३ साली या मोटारीच्या नोंदणीची मुदत संपत आली. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते, आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. ते खेटे घालण्याचे आमचे वय राहिले नाही, असे चिरंजीवांचे मत पडले. त्यांनी एक तोडगाही काढला. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. मूळ रूप न बदललेल्या अशा वाहनाला 'विंटेज' म्हणून नोंदता येते, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे मिळतात, नोंदणी दहा वर्षे चालते आणि शुल्क वीस हजार रुपये. "हौसही राहील आणि जिवाला घोरही लागणार नाही," चिरंजीव म्हणाले.

परंतु सरकारी नियम शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा, असे आम्हांला वडिलांनी शिकवले होते. वाचला. अशी मोटार रस्त्यावर आणायची ती प्रदर्शनासाठी, तांत्रिक संशोधनासाठी, जुन्या मोटारींच्या रॅलीसाठी, आणि पेट्रोल भरण्यासाठी वा दुरुस्तीसाठी. रोजच्या वापराला मनाई. म्हणजे आईला घेऊन श्रीवर्धनला जायचे म्हटले, तर ते प्रदर्शनात बसत नाही आणि संशोधनात तर नाहीच नाही. नियम चुकीचा आहे असे आमचे म्हणणे नाही. दुर्मीळ वस्तूला जपण्याचा तो एक मार्ग आहे. पण आमच्यापुढे प्रश्न उभा राहिला, की ही मोटार आमच्या घरातली वस्तू आहे, की आमच्या घरात ठेवलेली वस्तू आहे?

तेव्हा असे ठरले, की निर्णय करण्यापूर्वी मे महिन्यात एकदा सगळ्या कुटुंबाने हिच्यासह सहलीला जावे. पुण्याहून मुळशी, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा आणि श्रीवर्धन, अंतर सुमारे १६० किलोमीटर. मंडळी किती? आई, आम्ही उभयता, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. वडिलांच्या काळी याहून जास्त माणसे हिच्यात सुखाने मावली होती.

सूनबाईंनी एकच प्रश्न विचारला. "बाबा, मागच्या सीटवर मुलांना बांधणार कशाने?"

आमच्या लहानपणी कोण कोणाला बांधत होते, हे उत्तर आमच्या जिभेवर आले होते. ते आम्ही गिळले, आणि ते गिळले हे आमच्या आयुष्यातील थोड्या शहाणपणाच्या कृत्यांपैकी एक समजतो. कारण प्रश्न बरोबर होता. या मोटारीला पट्टे नाहीत, आणि आपण वाचलो म्हणून रीत सुरक्षित होती असे सिद्ध होत नाही. सबब, नातवंडे मुलाच्या नव्या गाडीतून, आणि आम्ही तिघे फियाटमधून, अशी दोन गाड्यांची सहल निघाली.

निघण्यापूर्वी मोटार पंधरा दिवस मिस्त्रींकडे होती. पंख्याचा पट्टा, डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट, प्लग, सगळे नवे झाले. पेट्रोलच्या रबरी नळ्याही त्यांनी बदलल्या. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते जुन्या रबराला खाते. पुढे २०२५ साली हे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले, तेव्हा ज्यांच्याकडे जुनी वाहने आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवावे. सुटे भाग मिळवताना मिस्त्रींची दमछाक झाली. मुंबईत पद्मिनी टॅक्सी हजारोंनी धावत, तोवर हे भाग सहज मिळत. जशा टॅक्सी घटत गेल्या, तसे भागही गेले. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सीही उतरली.

पहाटे पाचला निघालो. मुळशीच्या जलाशयाशी आम्ही इंजिन निववायला थांबलो. आईने नातवंडांना पाणी दाखवले आणि १९२१ साली या धरणाविरुद्ध इथल्या शेतकऱ्यांनी केलेला सत्याग्रह आणि सेनापती बापट यांची गोष्ट सांगितली. मुलांनी ऐकली. चिरंजीव मात्र घड्याळ पाहत होते. आमच्या मागे गाडी चालवणे म्हणजे वरातीमागे चालणे, असे त्यांचे म्हणणे, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती. शेवटी "तुम्ही पुढे व्हा," असे आम्हीच म्हणालो. ते पुढे गेले. जेवणाचे डबे त्यांच्या गाडीत आणि भूक आमच्या गाडीत, हे ताम्हिणी आल्यावर लक्षात आले.

घाट उतरताना आम्ही वडिलांचा नियम पाळला, की ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतार उतरायचा. ड्रमचे ब्रेक सतत दाबले तर तापतात, आणि तापले की पकड सोडतात. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन गाडीला धरून ठेवते. मागून येणारे भोंगे वाजवीत होते. आम्ही जागा मिळेल तिथे त्यांना वाट देत होतो. श्रीवर्धनला पोहोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. मुले साडेदहालाच पोहोचली होती. समुद्र पाहून, भिजून, जेवून झोपलीही होती.

श्रोतेहो, या क्षणी आम्हांला खरोखर वाईट वाटले. नातवंडांनी पहिल्यांदा समुद्र पाहिला, तेव्हा त्यांची पणजी साठ-सत्तर किलोमीटर मागे रस्त्याच्या कडेला रेडिएटर निवण्याची वाट पाहत बसली होती. कुटुंबाला एकत्र नेण्यासाठी म्हणून जी मोटार आम्ही हट्टाने बाहेर काढली, तिनेच कुटुंबाची दोन तुकड्यांत वाटणी केली होती. त्या रात्री आम्ही सौभाग्यवतींना म्हणालो, "परत गेलो की 'व्हीए'चा अर्ज भरून टाकू." त्या म्हणाल्या, "आधी परत तर जाऊ."

तीन दिवस मोटार सुपारीच्या वाडीत सावलीला उभी राहिली. परतताना चिरंजीव, काय मनात आले कोण जाणे, फियाट चालवायला बसले. सूनबाईंनी मुलांना आणि डब्यांना घेऊन नवी गाडी मागे ठेवली. विळे सोडून चढ लागला. ऊन डोक्यावर आले होते. निम्म्या घाटात इंजिनने दोन आचके दिले आणि ते बंद पडले. नशिबाने रस्ता तिथे रुंद होता. चाकांमागे दगड लावले. चिरंजीवांनी गाडी ओढून नेणाऱ्यांना बोलावण्यासाठी फोन काढला, पण तिथे फोनला आवाज नव्हता.

तेवढ्यात आतून आईचा आवाज आला. "अरे, पंपावर ओलं फडकं घाल. हे तसंच करायचे."

गोष्ट साधी आहे. या मोटारीचा पेट्रोलचा पंप इंजिनलाच चिकटलेला असतो. चढावर इंजिन तापले की पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. टाकीत पेट्रोल असून इंजिन उपाशी राहते. ओल्या फडक्याने पंप निवला की वाफेचे पुन्हा पेट्रोल होते. हे आम्हांला ठाऊक होते असे आम्ही समजत होतो. आठवले मात्र आईला. तिने कधी स्टीअरिंगला हात लावला नव्हता, पण डाव्या बाजूला बसून पन्नासहून अधिक वर्षे सगळे पाहिले होते.

फडके दोनदा भिजवून घातले. अर्धा तास थांबलो. मागची गाडीही अर्थातच थांबली, आणि तिच्यात डबे होते. रस्त्यापासून दूर, झाडाच्या सावलीत सगळे जेवलो. नंतर चिरंजीवांनी किल्ली फिरवली आणि इंजिन लागले. त्यांच्या चेहऱ्यावर आम्ही तो आनंद पाहिला, जो नव्या गाडीने त्यांना कधी दिला नव्हता. सूनबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "आज आजी होत्या, जागाही रुंद होती. पुढच्या वेळी?" या प्रश्नालाही आमच्यापाशी उत्तर नव्हते.

घरी आल्यावर आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, सहलीला मोटार बरोबर न्यायची नाही. सहलीला ठिकाण असते, वेळ असते, मुलांची भूक असते, आणि जुनी मोटार यांपैकी कशालाच बांधलेली नसते. तिला बाहेर काढायचे ते सकाळच्या गारव्यात, सपाट रस्त्याने, चाळीस-पन्नास किलोमीटरच्या आत आणि घड्याळ घरी ठेवून. ते फिरणे हीच त्या दिवसाची सहल. नातवंडे त्यात नाहीत. सूनबाईंच्या पहिल्या प्रश्नाचा मान आम्ही राखतो.

दुसरी गोष्ट, 'व्हीए'चा अर्ज भरला नाही. तपासणीला मोटार घेऊन चिरंजीव स्वतः गेले आणि नोंदणी आणखी पाच वर्षे वाढवून आणली. मोटार नुसती उभी करून ठेवली असती, तर पत्रा आणि रंग टिकला असता. पण ओले फडके कुठे ठेवायचे, उतारावर कोणता गिअर, चोक कधी सोडायचा, हे सगळे आईबरोबर आणि मिस्त्रींबरोबर संपले असते. ते कोणत्याही पुस्तकात वाचून हाताला येत नाही. आज ते चिरंजीवांच्या हाती आले आहे. थोडे, पण आले आहे.

आपणही घरात काही जुने जपत असाल, मग ते जाते असो, वीणा असो वा लाकडी हातमाग. ते काचेआड ठेवण्यापूर्वी घरातील एका तरी तरुण माणसाला चालवायला शिकवावे, एवढीच आमची विनंती आहे. आणि त्यासाठी साऱ्या कुटुंबाला वेठीस धरू नये, ही दुसरी.

मोटार बाहेर वडाखाली उभी आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी जरूर यावे. धक्का मारण्याची तयारी ठेवून आलात, तर अधिक आभारी होऊ.