पाहून येणे आणि घेऊन येणे



परगावी काही चांगले दिसले तर ते स्वतःच्या गावी आणावे, ही लोकप्रतिनिधींची इच्छा स्तुत्यच आहे. सेवाग्रामला मात्र हा विषय दुसऱ्या बाजूने ठाऊक आहे. हे गाव पाहायला येणाऱ्यांचे आहे. ३० एप्रिल १९३६ रोजी महात्मा गांधी येथे, तेव्हाच्या शेगावात, वास्तव्यास आले आणि येणाऱ्यांची रीघ लागली.

पुढच्याच वर्षी, २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यास शिक्षण परिषद भरली. प्रांतोप्रांतीचे शिक्षणमंत्री आले आणि हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना घेऊन परतले. मध्यप्रांतात पं. रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना काढली. दान मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नावर शाळा चालावी, असा तिचा विचार होता. तिच्या नावावरूनच वाद पेटला. १९३९ च्या अखेरीस काँग्रेसची मंत्रिमंडळे पायउतार झाली आणि बहुतेक प्रांतांत नव्या शाळांचा आधार गेला. बिहारमध्ये चंपारण्यातील बेतियाच्या एकाच सलग परिसरात मोजक्या शाळा काढल्या होत्या; त्या मंत्री गेल्यावरही चालू राहिल्या. थोडे आणले, पण रुजवले.

आजकाल अभ्यासदौऱ्यांचे तीर्थक्षेत्र म्हणजे इंदूर. २०१७ पासून सलग अनेक वर्षे स्वच्छ सर्वेक्षणात ते शहर पहिले आले. महाराष्ट्रातील अनेक नगरसंस्थांची पथके तेथे जाऊन आली. २०२२ मध्ये सुरू झालेला, दररोज साडेपाचशे टन ओला कचरा घेणारा गॅस प्रकल्प पाहून पाहुणे थक्क होतात, छायाचित्रे काढतात. (सराफ्यातील रात्रीची खाऊगल्लीही बहुधा सुटत नाही, त्यास हरकत नाही.) परंतु ते यंत्र चालते ते शहरातील स्वयंपाकघरांमुळे. ओल्या कचऱ्यात प्लास्टिक आले तर कोट्यवधींचे यंत्र अडते. तेथील गृहिणी दारात आलेल्या गाडीत सहा प्रकारांत वेगळा केलेला कचरा टाकते. ही सवय लावण्यासाठी दारोदार फिरून समजावले गेले, न ऐकणाऱ्यांना दंड झाला, रस्त्यावरच्या कचराकुंड्या उचलल्या गेल्या. प्रकल्पाचे अंदाजपत्रक दौऱ्याच्या अहवालात सहज उतरते. ही सवय कोणत्या रकान्यात लिहावी? कापडाचा नमुना खिशात घालून आणता येतो, पण त्यावरून ताका विणायचा तर सूत, माग आणि विणकर हाताशी असावे लागतात.

ज्यांनी काम करायचे त्यांनीच शिकायला जावे, याचे उदाहरण वर्धा जिल्ह्यातच आहे. आर्वी तालुक्यातील काकडदरा हे कोलाम बांधवांचे छोटेसे गाव. २०१७ च्या वॉटर कप स्पर्धेसाठी पानी फाउंडेशनने गावोगावच्या निवडक स्त्री-पुरुषांना निवासी प्रशिक्षण दिले. शिकून आलेल्यांनी घरी येऊन कुदळ उचलली, आणि ८ एप्रिल ते २२ मे या ऐन उन्हाळ्यात गावाने श्रमदान केले. राज्यातील पहिला, पन्नास लाखांचा पुरस्कार या गावाला मिळाला. तेथे पाहुणा आणि मजूर एकच होता.

सुवर्णमहोत्सवी निधीतून एखादा अभ्यासदौरा निघावा, अशी सूचना विश्वस्तांपुढे आहे. तो निघाल्यास पहिल्या जागा घंटागाडीवरील कामगारांना आणि महिला बचत गटांना द्याव्यात. पदाधिकाऱ्यांनी उरलेल्या जागांवर बसावे, आणि परतल्यावर पहिला महिना स्वतःच्या घरचा कचरा स्वतःच्या हाताने वेगळा करावा.