गळाची स्पर्धा: फायदे आणि तोटे



कोकणात खाडीकाठी गळ टाकून बसणं, हा अनेकांचा आवडता छंद.
त्याची स्पर्धा भरली, तर फायदा आहेच.
भरती-ओहोटीचा अंदाज येतो.
जाणत्यांकडून कसब शिकता येतं.
नव्या ओळखी होतात.

पण तोटाही ऐका.
बक्षीस बहुधा सगळ्यात मोठ्या माशाला मिळतं.
आता जिताडा घ्या.
तो आधी नर असतो.
वाढल्यावर मादी होतो.
म्हणजे भला मोठा जिताडा मारला, की बहुधा अंडी घालणारी मादीच गेली!

म्हणून स्पर्धेत जरूर उतरा;
पण मोठा मासा परत सोडा.
हात ओले करून तो धरा.
चटकन लांबी मोजा, फोटो काढा.
आणि लगेच पाण्यात सोडा.

लक्षात ठेवा, मंडळी,
मोठा मासा परत सोडा.