खटल्याची संमती कोणी द्यावयाची?

नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात २०२३ च्या ऑक्टोबरारंभी चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. सदोष मनुष्यवधाचा गुन्हा मात्र नोंदला गेला तो अधिष्ठाता व एका डॉक्टरवर!

रिक्त पदे भरणे, औषधखरेदीस पैसा देणे, खाटा वाढविणे हे निर्णय मंत्रालयात होतात. फौजदारी कायदा तेथवर का पोहोचत नाही? कारण लोकसेवकाच्या अधिकारपदावरील कृत्याबद्दल खटला चालविण्यास सरकारचीच पूर्वसंमती लागते. म्हणजे आरोपीनेच आरोपपत्रास मान्यता द्यावयाची!

पैसा नाही, ही सबब सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच पश्चिम बंगालच्या खेतमजूर समितीच्या खटल्यात नाकारली. परंतु रुग्णाच्या पदरी पडली ती भरपाई, दोषी सत्तेला शिक्षा नव्हे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हाही दोषी ठरला तो पाऊसच.

संमतीचा हा अधिकार सरकारकडून काढून न्यायसंस्थेकडे सोपवावा, ही मागणी नांदेड-लातूरच्या जनतेने लावून धरली पाहिजे. खालचा माणूस बळी दिल्याने वरची खुर्ची निर्दोष ठरत नाही.