शाळेतील ग्रंथपालाचा गौरव कशासाठी?



गणिताच्या शिक्षकाचे श्रम निकालात दिसतात, क्रीडाशिक्षकाचे श्रम ढालीत दिसतात. ग्रंथपालाच्या श्रमाला गुणपत्रिकेत रकाना नाही. म्हणून शाळेच्या गौरवसमारंभात त्याचे नाव सहसा येत नाही. आजचा विषय मी त्यासाठीच निवडला.

मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा रोज वाचत बसे. कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी त्याला हेरले, चौकशी केली, पुस्तके दिली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला, तेव्हा सत्काराच्या सभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले. पुढे सयाजीराव महाराजांकडून त्याला शिष्यवृत्ती मिळावी म्हणून शब्दही टाकला. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. केळुसकर पेशाने ग्रंथपाल नव्हते; पण वाचणारे मूल ओळखणे आणि त्याला नेमके पुस्तक देणे, हे ग्रंथपालाचे खरे काम त्यांनी केले.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, असे त्यांतले दोन नियम सांगतात. ही गाठ कपाट घालून देत नाही, माणूस घालून देतो. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे असे म्हटले. वर्तमानपत्रे, मासिके, गोष्टींची पुस्तकेही सांगितली. मात्र त्याच परिशिष्टातल्या शिक्षकांच्या यादीत ग्रंथपाल नाही. कपाटाची सोय झाली, किल्ली कोणाकडे हे राहून गेले. मग पुस्तके फाटतील या भीतीने कुलूप लागते, आणि कोरी राहिलेली पुस्तके जपली म्हणून शाबासकी मिळते!

आपल्या बालाघाटात या कामाची गरज अधिक आहे. १९५६ साली नागपूर आपल्यापासून वेगळे झाले, आपण मध्य प्रदेशात राहिलो. इथल्या वर्गात घरी गोंडी, पोवारी किंवा मराठी बोलणारी मुले हिंदी पाठ्यपुस्तकासमोर बसतात. बैहरकडच्या मुलाला कोणते पुस्तक आधी द्यावे, म्हणजे तो पुढच्याकडे आपणहून वळेल, हे जाणणारा ग्रंथपाल त्याचा अर्धा अभ्यास सोपा करतो. मुलाला अडलेला शब्द दिसतो, पण आपली भाषा उणी आहे असे वाटत नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. १२ ऑगस्ट, रंगनाथन जयंती, हा ग्रंथपाल दिन. त्या दिवशी आपल्या संस्थेने जिल्ह्यातल्या एका शालेय ग्रंथपालाचा, किंवा ते काम पत्करलेल्या शिक्षकाचा, सत्कार करावा. निवड करताना दाखलनोंद वहीतले आकडे पाहू नयेत. मुलांना विचारावे : तुला हे पुस्तक कोणी दिले? आणि ते वाचल्यावर पुढचे कोणते मागितलेस?

ज्याचे नाव मुले न अडखळता सांगतील, त्याच्या खांद्यावर शाल घालावी. आणि शालीसोबत पुढच्या वर्षाच्या नव्या पुस्तकांचा खर्चही आपण उचलावा.