वाऱ्याविरुद्ध बोलणाऱ्याचे ऐका



दोन देशांत वैर पेटले असता दुसरी बाजू ऐकावी काय, हा आजचा प्रश्न आहे. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. विडी कामगारांच्या संघटनेत जे शिकलो, त्याच्या आधाराने बोलतो.

संप चालू असतो, चुली थंड असतात. अशा वेळी आपल्यातलाच कोणी म्हणाला, ‘हजार विड्यांमागे मालकाला किती सुटतात, ते आधी काढा,’ तर चार जण त्याला फितूर म्हणतात. पण त्याचे न ऐकता जो बोलणी करायला बसतो, तो आंधळेपणाने बसतो. आणि मालकाशी बोलायचेच नाही असे ठरले, तर संप मिटवायचा कोणी? ऐकणे म्हणजे कबूल करणे नव्हे. ऐकल्याने मागणी एका पैशाने उतरत नाही. ती कुठे टिकेल आणि कुठे अडेल, एवढे कळते.

देशांच्या भांडणातही हेच आहे. आपल्या जिल्ह्याशी जोडलेलेच उदाहरण घ्या. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकसभेसाठी उभे राहिले आणि पडले. ते राज्यसभेचे सभासद होतेच. त्याच वर्षी एप्रिलमध्ये चीनशी पंचशीलाचा करार झाला होता आणि देशात भाईचाऱ्याचा वारा होता. २६ ऑगस्टला बाबासाहेब राज्यसभेत त्या वाऱ्याविरुद्ध बोलले. चीनला तिबेटवर ताबा मिळवू दिल्याने त्याची हद्द आपल्या हद्दीला येऊन भिडते, पंचशीलावर विसंबून चालणार नाही, असा त्यांचा इशारा होता. आठ वर्षांनी, १९६२ साली, युद्ध झाले.

आता दुसरे टोक पाहा. त्या पराभवाची जखम ओली असताना, १ मार्च १९६३ रोजी, शंकरराव देव दिल्लीहून पेकिंगकडे पायी निघाले. स्वातंत्र्यासाठी तुरुंग भोगलेला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पुढे असलेला हा माणूस. दोन्ही देशांच्या लोकांशी बोलायचे, एवढाच यात्रेचा हेतू होता. चीनने प्रवेश नाकारला आणि यात्रा भारतातच संपली.

एकाने सरकारला सांगितले, फार विश्वास टाकू नका. दुसऱ्याने सांगितले, बोलणे तोडू नका. दोघांची मते एकमेकांपासून दूर होती. पण ज्या दिवशी जे ऐकायला कोणी तयार नव्हते, तेच दोघांनी त्या दिवशी सांगितले. म्हणून ऐकून घेणे हे केवळ मवाळांचे काम आहे, असे समजू नका.

कोणी म्हणेल, सीमेवर जवान मरत असता ही चर्चा कशाला? जवान आपण पाठवू तिथे जातो. त्याला वाद घालायला सवड नसते. तो वाद घरी बसलेल्यांनीच घातला पाहिजे. १९६२ च्या नोव्हेंबरात लढाई चालू असतानाच लोकसभा भरली आणि दीडशेहून अधिक सभासद बोलले. सरकारवर कडक टीका झाली. त्यामुळे देश दुबळा झाला नाही.

पुढे बरीच वर्षे आपला राजदूत पेकिंगमध्ये नव्हता. पण वकिलात बंद झाली नाही, लहान अधिकारी तिथे बसून राहिले. १९७६ साली पुन्हा राजदूत गेला, तेव्हा दार नव्याने बसवावे लागले नाही. पहारा सोडला नव्हता आणि दारही विटांनी चिणले नव्हते.

शत्रूचा प्रचार खरा माना, असे मी म्हणत नाही. तो कान देऊन ऐका, तपासा आणि खोटा असेल तिथे खोडून काढा. न ऐकलेल्या गोष्टीला उत्तर देता येत नाही.

दिघोरीसारख्या गावातून कोणी पेकिंगला जाणार नाही, की कराचीला जाणार नाही. पण पारावर, चहाच्या दुकानात, आपल्यातला एखादा सगळ्यांच्या उलट बोलतो. त्याला देशद्रोही म्हणण्यापूर्वी ‘कशावरून म्हणतोस?’ एवढे विचारा, आणि त्याचे उत्तर पुरे होईपर्यंत थांबा. मग खुशाल वाद घाला.