दोन वाघिणींच्या मधलं भांडण: मॉडेल रेल्वेचे कपलर

तुमच्या व्हॉइस नोट्समध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतोय: "दादा, डबे एकमेकांत अडकतच नाहीत, काय करू?" म्हणून आज फक्त कपलर. ऐकताना हातात एखादा डबा असेल तर उत्तम.

आधी खरी गाडी बघू. मी पाचूबंदरला राहतो, म्हणजे आमचं स्टेशन वसई रोड. तिथे लोकलची वाट बघत असताना दिव्याच्या लाइनवर कंटेनरची मालगाडी दिसली तर कंटेनर सोडा, वाघिणींच्या मधे बघा. (वॅगनला मराठीत वाघीण म्हणतात, आणि मला तो शब्द फार आवडतो.) बीएलसी प्रकारच्या या वाघिणी पाच-पाचच्या संचात असतात. संचाच्या दोन टोकांना सेंटर बफर कपलर, म्हणजे मूठ मिटल्यासारखा दिसणारा तो सीबीसी. आतल्या जोडांना मात्र नुसता ड्रॉबार, सरळ दांडा. तो यार्डात रोज सुटत नाही, सुटायची गरजच नसते.

आता हिशोब करा. पाच वाघिणी, दहा टोकं. कपलर किती लागले? दोन! बाकी आठ टोकांना तुम्ही तारेचा दांडा लावला तर ती काटकसर नाही, खऱ्या गाडीची बरोबर नक्कल आहे. परदेशातून कपलर मागवले की कुरिअर आणि कस्टम मिळून खिसा रिकामा होतो, तेव्हा हे आधी लक्षात घ्या. बॉक्सएनच्या कोळशाच्या गाडीतल्या वाघिणींना प्रत्येक टोकाला सीबीसी असतो, पण तो रेकसुद्धा बहुतेक वेळा अख्खाच फिरतो. त्यामुळे तिथेही आतल्या जोडांना साधं काहीतरी चालतं.

टोकांना काय लावायचं? एचओ, म्हणजे 1:87 मापात बाजारात चार-पाच जाती मिळतात. जुन्या अमेरिकन सेटला हॉर्न-हूक, युरोपियन डब्यांना लूपची कडी, ब्रिटिश डब्यांना टेन्शन लॉक. आणि खऱ्या सीबीसीसारखा दिसणारा नकल कपलर, ज्यात केडी कंपनीचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. कीथ आणि डेल या एडवर्ड्स भावांच्या आद्याक्षरांवरून ते 'के-डी' झालं. आपण ते 'कडी' असं वाचतो, आणि डब्याची कडी म्हणून मला तेच बरोबर वाटतं.

माझं मत स्पष्ट आहे: भारतीय मालगाडी करायची असेल तर नकलच. पण सगळे डबे एका दिवसात बदलायला जाऊ नका. एक वाघीण अशी करा की तिच्या एका टोकाला नवा कपलर, दुसऱ्या टोकाला जुना. ती मधे ठेवली की दोन्ही जातींचे डबे एका गाडीत चालतात. खऱ्या रेल्वेनेही तेच केलंय. आपल्या अनेक इंजिनांना सीबीसी आणि स्क्रू कपलिंग दोन्हीची सोय असते.

उंचीचं भांडण मात्र खरं आहे. आपल्या ब्रॉडगेजवर रुळापासून बफरच्या मध्यापर्यंतची उंची जास्तीत जास्त 1105 मिलिमीटर आणि भरलेल्या डब्याला कमीत कमी 1030. भागिले 87, म्हणजे साधारण 11.8 ते 12.7 मिलिमीटर. केडीचं ठरलेलं माप 9.9 च्या आसपास, कारण अमेरिकेत कपलर खाली असतो. भारतीय मापाने अगदी अचूक वाघीण बनवलीत तर ती विकतच्या डब्याला जोडणारच नाही. मी 9.9 धरतो. तसाही 1676 मिलिमीटरचा गेज 1:87 मधे 19.3 होतो आणि आपण गाडी 16.5 च्या ट्रॅकवर चालवतो. तिथे तडजोड केलीच आहे, मग इथे का अडून बसायचं?

आता हत्यारं काढा. खेळण्यातल्या डब्याचा प्लॅस्टिकचा हूक कापून टाका. कपलरची डबी शक्यतो बॉडीला स्क्रूने बसवा, बोगीला नको. बोगीवर बसवलेला कपलर ओढताना छान वागतो, पण इंजिनाने मागे ढकललं की बोगी तिरकी होऊन रुळावरून उतरते. फक्त तुमचं वळण फार आवळ असेल आणि डबा लांब, तर बोगीवाचून इलाज नाही. उंची कमी-जास्त असेल तर मधे पट्टी घाला. बंद पडलेलं एटीएम कार्ड 0.76 मिलिमीटर जाड असतं, त्याच्यासारखी पट्टी नाही. आणि गंमत बघा, नकलच्या खाली लोंबणारी तार रुळाच्या वर जवळपास तेवढीच हवी. कार्ड रुळावर ठेवा, डबा त्यावरून सरकवा, तार घासली तर पक्कडीने किंचित वर वाकवा.

ती तार चुंबकासाठी असते. रुळांच्या मधे चुंबक लपवला की त्यावर थांबून, थोडं मागे येऊन, हात न लावता डबे सुटतात. माझे मामा यार्डात पॉइंट्समन होते. त्यांना हे दाखवलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, मधे कोणाला जायलाच नको?"

स्क्रू कपलिंग जोडायचं म्हणजे इंजिन आणि डब्याच्या मधे, बफरखालून वाकून माणूस शिरतो. जड कडी उचलून हुकात टाकतो, स्क्रू आवळतो, मग ब्रेकचे पाइप जोडतो. वर ड्रायव्हरला तो दिसत नाही, सगळं खुणेवर. अमेरिकेत नकल कपलरचं पेटंट 1873 चं, आणि अशा मरणांना कंटाळून 1893 मधे कायदा करून ऑटोमॅटिक कपलर सक्तीचे झाले. आपल्याकडे नोव्हेंबर 2024 मधे बरौनी जंक्शनवर एक कर्मचारी इंजिन आणि डब्याच्या मधे चिरडून गेला. पाइप जोडायला तर सीबीसी असला तरी आत जावंच लागतं. मामांच्या आग्रहावरून मी निळ्या आयसीएफ डब्यांना बारीक साखळी आणि हूकच ठेवलाय. चिमट्याने जोडताना हात थरथरतो, पण तो तसाच राहणार.

शेवटी, समुद्राजवळ राहणाऱ्यांसाठी. आमच्याकडे बोंबलाच्या वलांडीवरून येणारी खारी हवा लोखंडाला सोडत नाही. आतल्या दांड्याला साधी बाइंडिंग तार वापरू नका, पितळेची किंवा स्टेनलेसची घ्या. जाड तंगूसही चालतो, पण फक्त ओढायला, ढकलताना तो दुमडतो. कपलरमधे तेल अजिबात नको, तेलावर रेती आणि मीठ बसतं. पेन्सिलीचं शिसं घासून त्याची पूड टाका. चुंबकाजवळ लोखंडी आक्साची हलकी वाघीण आपोआप सरकते, तिथे पितळी आक्स घाला.

तुमचे फोटो पाठवा, पण मोबाइल रुळाच्या उंचीवर धरून काढा. वरून काढलेल्या फोटोत उंची कळत नाही आणि मग मी नुसता अंदाज सांगत बसतो.